३८ लाख वेळा वाजलं, पण अण्णांचं नाव कुठं आहे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: धाराशिव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मोबाइलचं दुकान चालवणारे ३४ वर्षांचे वाचक लिहितात. त्यांचे वडील, घरात ज्यांना अण्णा म्हणतात, चाळीस वर्षांपासून देवीची आराधी गीतं आणि जागरण-गोंधळ गातात. वाचक स्वतः संबळ वाजवतात. पार्टी पाच जणांची. १९९८ साली अण्णांच्या आठ गाण्यांची कॅसेट निघाली होती. त्यातलं अण्णांनीच रचलेलं एक गाणं आज कुणा तिसऱ्याच्याच यूट्यूब चॅनलवर ३८ लाख वेळा पाहिलं गेलंय. खाली अण्णांचं नाव नाही, पैसा तर नाहीच. मागच्या वर्षी यांनी सहा नवी गाणी रेकॉर्ड केली आणि एका वितरकामार्फत सगळ्या ॲपवर टाकली. गायक म्हणून अण्णांचं आणि संबळवादक म्हणून स्वतःचं नाव दिलं, वर्षाची १,५०० रुपये फी भरली. वर्षभरात सगळी गाणी मिळून ११,००० वेळा ऐकली गेली, त्यातली ८,००० एकाच गाण्याची, आणि हातात आले ६४० रुपये. पूर्वी वर्षाला चाळीस सुपाऱ्या, म्हणजे ठरलेले कार्यक्रम, असत, आता बावीस. एका रात्रीचे पार्टीला ७,००० मिळतात. अण्णा म्हणतात, “यूट्यूबनं सुपाऱ्या खाल्ल्या.” आता पुण्याच्या एका म्युझिक कंपनीचा माणूस ३० गाण्यांचे सर्व हक्क कायमचे ४०,००० रुपयांना मागतोय. त्यातली नऊ गाणी अण्णांच्या स्वतःच्या शब्दांची नि चालीची, बाकी परंपरेतली. बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर काढायचंय, त्यामुळे अण्णा सहीला तयार आहेत. सही करावी का? जुनं गाणं यूट्यूबवरून काढायला लावावं का? आणि पत्राच्या अगदी शेवटी: “मीच दुकानात तीस-तीस रुपयांत लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून दिली. त्यात अण्णांचीपण होती. आता मला बोलायचा काय हक्क?”

सप्रेम नमस्कार,

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. ते वाक्य तुम्ही पत्र पुरं झाल्यावर, थोडं थांबून लिहिलंय असं वाटलं.

मेमरी कार्डाचे ते दिवस मला चांगले आठवतात. अंबाजोगाईला बसस्टँडच्या बाजूला अशी दोन-तीन दुकानं होती. काउंटरवरचा पोरगा कार्ड रीडरला लावायचा आणि विचारायचा, “काय भरू?” म्हातारी सांगायची, “येडाई देवीची भर, अन् राहिलेल्या जागेत तुला आवडतील ती भर.” तीस रुपयांत दोनशे गाणी. कायद्याने ती नक्कल होती, तिच्यात गाणाऱ्याचं नुकसान झालं, हे खरं आहे आणि ते मी खोडून काढणार नाही. पण त्या काळात खेड्यातल्या माणसाला पैसे मोजून गाणं घ्यायची दुसरी सोय कुठं होती? कॅसेटची दुकानं बंद पडत चालली होती, नेट परवडत नव्हतं. जिओ आलं तेच मुळी सप्टेंबर २०१६ मध्ये. मधली काही वर्षं आराधी गीतं गावोगाव वाजत राहिली ती तुमच्यासारख्यांच्या काउंटरवरूनच. तुम्हाला बोलायचा पूर्ण हक्क आहे. फक्त त्या काउंटरवर एक वस्तू हरवली, आणि तुमच्या आजच्या दुखण्याचं मूळ मला तिथं दिसतं.

कॅसेटच्या डबीत घडी घातलेला एक कागद असायचा. माझ्या माहेरी अशा दहा-बारा डब्या अजून आहेत. आईने परवा एक उघडली. आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात गायक, कोरस, संबळ, तुणतुणं, झांज, प्रत्येकाचं नाव आणि नावापुढं गाव. तुणतुणेवाल्याच्या नावाखाली कुणीतरी निळ्या पेनाने रेघ मारलेली. आई म्हणाली, “हा आपल्या गल्लीतला होता.” कॅसेटमधली गाणी मेमरी कार्डात गेली, तो कागद गेला नाही. कार्डात गाण्याचं नाव झालं ‘ट्रॅक ०७’. पुढं कुणीतरी तोच ट्रॅक ०७ यूट्यूबवर चढवला आणि त्याला नाव दिलं ‘नॉनस्टॉप देवीची गाणी’. अण्णांचा पैसा गेला असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, त्याच्या कितीतरी आधी अण्णांचं नाव गेलं, आणि पैसा त्याच्या मागोमाग गेला.

आता त्या आकड्यांकडे येऊ. अण्णा गात असताना एखादी बाई उठते, दहाची नोट ओवाळते आणि परडीत टाकते. ती नोट पार्टीची, त्यात दुसरं कुणी वाटेकरी नाही. ॲपवर तसं नसतं. बहुतेक मोठ्या ॲपमध्ये महिन्याचा सगळा पैसा, वर्गणीचा आणि जाहिरातींचा, एकाच हंड्यात पडतो. ॲप आपला वाटा काढून घेतं आणि उरलेला पैसा एकूण किती गाणी वाजली त्या गणतीने वाटला जातो. तुमच्या गावातल्या एखाद्याने वर्गणी भरून महिनाभर फक्त अण्णांना ऐकलं, तरी त्याची वर्गणी अण्णांकडे येत नाही. ती हंड्यात पडते आणि तिचा मोठा भाग सिनेमाच्या गाण्यांकडे जातो, कारण गणतीत ती पुढं असतात. साउंडक्लाउड या ॲपने २०२१ मध्ये ऐकणाऱ्याचा पैसा त्याने ऐकलेल्या कलाकारालाच देण्याची पद्धत सुरू केली, पण आपल्याकडे लोक जिथं ऐकतात तिथं हंडाच चालतो. त्यात आपल्याकडचे बहुतेक लोक फुकट, मधल्या जाहिराती ऐकत ऐकतात, म्हणजे हंडाही भरत नाही.

आणखी एक नियम तुम्हाला कुणी सांगितला नसेल. स्पॉटिफायने २०२४ पासून ठरवलंय की मागच्या बारा महिन्यांत ज्या गाण्याला १,००० ऐकणी मिळाली नाहीत, त्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळणार नाहीत. तुमच्या सहातल्या पाच गाण्यांना सगळ्या ॲपवर मिळून ३,०००. म्हणजे तिथं बहुधा एकाच गाण्याचे पैसे जमा झाले, बाकीच्यांचे शून्य. ६४० रुपयांचं कोडं बरंचसं इथं सुटतं. गाणी कमी पडली किंवा अण्णांचा आवाज कमी पडला असा त्याचा अर्थ कृपा करून लावू नका. आणि वर्षाची फी घेणारा वितरक तुमच्या कामाचा नाही. फी न घेता कमाईतला काही टक्के वाटा घेणारे वितरक आहेत, त्यांच्याकडे जा. जाताना प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक जुन्या वितरकाकडून लिहून घ्या आणि नव्याकडे तोच द्या. गाणी नव्या वितरकाकडून चढली हे बघूनच जुनी काढा, म्हणजे आजवरची ऐकणी वाया जाणार नाहीत.

यूट्यूबवरच्या व्हिडिओचं गणित वेगळं आहे. तिथं व्हिडिओवर लागलेल्या जाहिरातींच्या पैशातले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात. त्यामुळे ३८ लाखांवर त्या माणसाला काही ना काही मिळालं असणार आणि तुमचा राग रास्त आहे. पण तो व्हिडिओ काढायला लावण्याआधी माझं पुढचं ऐका.

“यूट्यूबनं सुपाऱ्या खाल्ल्या” हे अण्णांचं म्हणणं मला पटत नाही. लग्नानंतरचा गोंधळ हा कुळाचार आहे. चौक भरून, घट मांडून, दिवटी पेटवून तो घालावा लागतो. फोनवर गोंधळ लावला आणि देवीचं झालं, असं म्हणणारं घर मी अजून पाहिलं नाही. आपल्याकडे सुपारी पावसावर चालते. २०१२-१३ चा दुष्काळ, मग २०१४ ते २०१६ अशी सलग वाईट वर्षं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. मग २०२० आणि २०२१, यात्रा बंद, लग्नं पन्नास माणसांत. ज्या घरात सोयाबीनला भाव मिळाला नाही ते घर गोंधळ पुढच्या वर्षावर ढकलतं किंवा दोन तासांत उरकतं. वरातीचा पैसा डीजेकडे गेला तो वेगळाच.

आणि एक मोठी गोष्ट घडलीय, जी अण्णांच्या नजरेत कदाचित आली नसेल. सुपारी देणारी घरंच हलली. धाराशिव, बीड, लातूरची किती कुटुंबं आज पिंपरी-चिंचवडला, चाकणला, हडपसरला राहतात! त्यांच्याकडेही लग्नं होतात, त्यांनाही गोंधळ घालायचा असतो आणि आपल्याकडच्या पद्धतीने घालणारा माणूस हवा असतो. पूर्वी ते पारावर विचारत, आता ते फोनवर शोधतात. त्या ३८ लाखांत अशी घरं आहेत. ती अण्णांचा आवाज ऐकतात, पोरांना ऐकवतात आणि मग सुपारी दुसऱ्याला देतात, कारण हा आवाज कुणाचा हेच त्यांना माहीत नाही. ज्या वाटेने तुम्हाला लुटलं असं वाटतंय, त्याच वाटेवर तुमची गिऱ्हाइकं उभी आहेत.

म्हणून तो व्हिडिओ काढू नका. त्या चॅनलवाल्याला आधी साधा, नमस्काराने सुरू होणारा निरोप पाठवा. पैसे मागू नका. शीर्षकात अण्णांचं नाव आणि गाव, आणि खाली माहितीत पहिल्या ओळीत जागरण-गोंधळासाठी संपर्काचा नंबर, एवढंच मागा. असे बरेच चॅनलवाले तुमच्या-माझ्यासारखेच असतात. मेमरी कार्डातून मिळालेलं गाणं प्रेमाने चढवतात, कुणाचं आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं. बरेच जण ऐकतील. नाहीच ऐकलं तर तक्रारीचा रस्ता आहे, पण तो नीट समजून घ्या. १९९८ च्या रेकॉर्डिंगचा खर्च कॅसेट कंपनीने केला असेल तर रेकॉर्डिंगची मालकी बहुधा तिची. शब्द आणि चाल अण्णांची असेल आणि त्यांनी ती लेखी, सही करून कुणाला दिलेली नसेल, तर त्यांचा स्वतंत्र हक्क आहे आणि तेवढ्याच हक्काने तक्रार करा. परंपरेतल्या गाण्यावर मालकी सांगू नका. त्या चाली गावाच्या आहेत, कंपनीच्याही नाहीत आणि आपल्याही नाहीत. पण हे उलट बाजूनेही लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः गाऊन टाकलेल्या पारंपरिक गाण्यावर एखाद्या कंपनीचा आपोआप दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. यूट्यूबवर तो दावा नाकारायची सोय आहे आणि दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता सहीचं. ३० गाण्यांना ४०,००० म्हणजे गाण्याला १,३३३ रुपये. तुमच्याच हिशोबाने या रकमेत अण्णांच्या सहा सुपाऱ्यासुद्धा बसत नाहीत. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. सहा रात्रींच्या बदल्यात साठ वर्षं. असा सौदा मी शेतीच्या तुकड्याचाही करू देणार नाही.

कागद मागून घ्या. ‘नंतर मेल करतो, आधी सही करा’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. कागदात ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द असतीलच, आणि ते का असतात हे समजून घ्या. शब्द आणि चालीच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. त्या दोन शब्दांनी नेमकं हे संरक्षण काढून घेतलं जातं. ‘सदर गाणी कलाकाराने अन्यत्र सादर करू नयेत’ अशी ओळ असेल तर ती सगळ्यांत घातक. अण्णांनी आपलंच गाणं येरमाळ्याच्या यात्रेत गायलं आणि तुम्ही ते चॅनलवर टाकलं, तर तुमच्याच चॅनलवर तक्रार येईल. आणि आवाजाबद्दलची ओळ शोधा. आवाजाची नक्कल करणारी यंत्रं आता आली आहेत. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना त्यांच्या आवाजाच्या अशा वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि त्यांना अंतरिम संरक्षण मिळालं. अण्णा कोर्टात जाणार नाहीत, त्यामुळे कागदावरच ‘आवाजाची कृत्रिम नक्कल करता येणार नाही’ असं लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र अण्णांच्या बाजूने फार भक्कम आहे. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, आणि २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देताच येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा कॉपीराइट सोसायटीला, कंपनीला नाही. म्हणजे ‘सर्व हक्क’ विकले तरी त्या नऊ गाण्यांवरचा हा वाटा अण्णांचाच राहतो. अर्थात हक्क असणं वेगळं आणि पैसे घरी येणं वेगळं. ते गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. गीतकार आणि संगीतकार म्हणून अण्णांनी तिचं सभासद व्हावं आणि नऊच्या नऊ गाणी तिथं नोंदवावीत. गायक-वादकांची वेगळी संस्था आहे, इसम्रा, तिथं अण्णांनी आणि तुम्ही दोघांनी. फार पैसा लगेच येईल असं मी म्हणत नाही. पण नोंदच नसेल तर आलेला पैसाही तुमच्यापर्यंत पोचायचा नाही.

लग्नाची गरज खरी आहे, ती मी बाजूला सारत नाही. कंपनीला उलट प्रस्ताव द्या. ३० नाही, पारंपरिकांतली पाच गाणी. विक्री नाही, पाच वर्षांचा परवाना. तोही फक्त त्यांच्याच रेकॉर्डिंगपुरता, तुम्हाला दुसरीकडे गायची-टाकायची मोकळीक ठेवून. सगळ्यांची नावं आणि सहा महिन्यांनी हिशोब. माणूस उठून गेला तर जाऊ द्या. घटस्थापना ते कोजागरी हा तुमचा भर हंगाम आहे, तुळशीच्या लग्नाआधीचा. नंबर लोकांपर्यंत पोचला तर सहा सुपाऱ्या जास्तीच्या मिळणं मला अशक्य वाटत नाही. आलेल्या सुपारीला इसार आधी घ्यायची सवयही लावा. अण्णांचं वय ५० च्या वर आहेच, तेव्हा राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेचा अर्ज पंचायत समितीत चौकशी करून भरा. महिना ५,००० रुपये आहेत. उत्पन्नाची अट आहे आणि निदान पंधरा वर्षं कला केल्याचे पुरावे लागतात, त्यात ती १९९८ ची कॅसेट कामाला येईल. लग्नाआधी हे पैसे हातात पडणार नाहीत, तरी अर्ज आजच करा.

पण गाणी अण्णांची आहेत आणि सहीही त्यांचीच. तुम्ही कागद लपवून ठेवलात किंवा भांडलात तर ते रागाने सही करतील. रात्री जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा आणि तो कागद मोठ्याने, एकेक ओळ वाचून दाखवा. इंग्रजीत असेल तर आधी मराठीत करून घ्या. ‘अन्यत्र सादर करू नयेत’ ही ओळ आली की थांबा आणि काही बोलू नका. चाळीस वर्षं देवीपुढं गाणाऱ्या माणसाला त्या ओळीचा अर्थ तुम्ही समजावून सांगायची गरज नाही. कायद्याचं काही अडलं तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथं वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

आता जरा कडू वाटेल असं एक विचारते. तुमची पार्टी पाच जणांची. ॲपवरच्या सहा गाण्यांवर नावं दोघांचीच. उरलेले तिघं, झील धरणारे, झांजवाला, तुणतुणेवाला, त्यांची नावं कुठं आहेत? ४०,००० मध्ये त्यांचा वाटा किती, याचाही उल्लेख पत्रात नाही. हे तुम्ही मुद्दाम केलं नसणार. वितरकाच्या फॉर्मवर दोन रकाने ठळक दिसतात, ते भरले की माणूस पुढं जातो. पण ३८ लाखवाल्यानेही अगदी असंच केलं असेल. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाला, हे मी सादर केलं, असं सांगितलं जाण्याचा हक्क कायद्यानेही दिलाय. वितरक बदलताना पाचही नावं भरा, आणि अण्णांचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने, सोबत देवनागरीतही. नाहीतर ॲप त्यांना दोन वेगळी माणसं समजतं.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, जे वर सारांशात घेतलं नाही. स्टुडिओवाल्याने अण्णांना संबळाची सुरुवात दहा सेकंदांवर आणायला सांगितली, आणि अण्णा दिवसभर गप्प होते. स्टुडिओवाल्याचं कारण मला माहीत आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक ऐकणी धरतात, लोक त्याआधीच पुढं सरकतात म्हणून सुरुवात कापायची. ॲपसाठी एक छोटं रूप करायला हरकत नाही. पण गोंधळ म्हणजे चार मिनिटांचं गाणं नव्हे. गण आहे, देवतांना आवतन आहे, आख्यान आहे, पहाटेची आरती आहे. ही सगळी रात्र एकदा नीट रेकॉर्ड करा. एक मोबाइल अण्णांसमोर, एक संबळाजवळ, तुमच्याच दुकानातल्या साध्या माइकने. अख्खी रात्र स्वतःच्या चॅनलवर टाका, कापू नका. तिला थोडेच लोक बघतील. पण चाकणच्या ज्या घराला गोंधळ घालायचाय, ते हीच बघून फोन करेल. मूळ फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, कुठल्याही ॲपच्या भरवशावर ठेवू नका. रेसो आणि विंक ही गाण्यांची ॲप, दोन्ही २०२४ मध्ये आपल्याकडे बंद पडली.

भीमजयंतीच्या महिन्यात रोज एका गावात गाणाऱ्या गायकांची, भारूडकारांची, कीर्तनकारांचीही पत्रं मला येतात, आणि दुखणं थोड्याफार फरकाने हेच असतं. कार्यक्रमात समोर वीस मोबाइल शूटिंग करत असतात, उद्या त्यातलं कोणतं कुठं चढेल सांगता येत नाही. त्यांना अडवत बसू नका. सुरुवातीला आणि मध्ये एकदा पार्टीचं नाव, गाव आणि नंबर माइकवर बोला आणि मागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरात लिहा. बॅनरवर यूपीआयचा क्यूआरही लावा, आता ओवाळणीसाठी खिशात दहाची नोट प्रत्येकाकडे नसते. १९०२ साली कलकत्त्यात आपल्याकडची सुरुवातीची गाणी तबकडीवर मुद्रित झाली, तेव्हा गायिका गौहर जान गाणं संपताना स्वतःचं नाव मोठ्याने सांगत असे. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, तिथल्या माणसाला लेबलावर कुणाचं नाव घालायचं हे कळावं म्हणून. आवाजातच नाव असलं की कागद हरवला तरी चालतं.

आपल्या मातीला तर हे कुणी शिकवायला नको. नरसीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई, पैठणचे एकनाथ. ‘नामा म्हणे’, ‘नामयाची जनी’, ‘एका जनार्दनी’. सातशे वर्षांत किती तोंडांनी ही गाणी गायली, किती वह्या भिजल्या, फाटल्या. तरी आज एखाद्या वाडीतला भारूडकार शेवटच्या ओळीला आला की नाथांचं नाव त्याच्या तोंडून आपोआप निघतं. अण्णांनी स्वतःच्या नऊ गाण्यांत शेवटच्या कडव्यात नाव गुंफलंय का? नसेल तर आता गुंफू द्या आणि यंदाच्या नवरात्रात तसंच गाऊ द्या. त्यांना संकोच वाटेल, देवीच्या गाण्यात आपलं नाव कशाला म्हणतील. त्यांना जनाबाईची आठवण करून द्या.

गाणं सोडून पुण्याला कंपनीत लागावं का, हेही तुम्ही अर्ध्या ओळीत विचारलंय. दुकान चालतंय तोवर नको. अण्णांनीही दोन एकर कसत कसतच गायलं ना?

घटस्थापनेला दीड महिना आहे. १९९८ ची ती कॅसेट घरात असेलच, माळ्यावर किंवा देवघरातल्या पेटीत. डबीतला कागद हलक्या हाताने उलगडा, घडीवर फाटलेला असेल, आणि दारातल्या उजेडात धरून त्याचा फोटो काढा. चॅनलवाल्याला पाठवायच्या निरोपासोबत तो फोटो जाऊ द्या.